पलटणीच्या बंदुकीचा अक्रोडी दस्ता कसा वाचवावा

सावंतवाडीकडच्या एका परवानाधारक बंदूक दुरुस्तीच्या दुकानात लाकडाचं काम माझ्याकडे असतं. नळी, घोडा, चाप मालक बघतात, दस्ता, म्हणजे बंदुकीचं लाकडी अंग, माझा. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुका आमच्याकडे जास्त येतात. त्यातली एखादी हातात घेतल्याबरोबर कळतं, ही गावात घडवलेली नाही, पलटणीतली आहे. इंग्रजांच्या एनफिल्ड कारखान्याचा १८५३ चा नमुना: नळीवर तीन लोखंडी कडी, दस्त्याच्या टाचेला, म्हणजे खांद्याला टेकतं त्या टोकाला, पितळी पट्टी आणि लाकूड अक्रोडाचं. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, तशीही कधी सापडते. तिचा मूळ दस्ता गेला की गेला. अक्रोड कोकणात होत नाही आणि बाजारात तयार दस्ता मिळत नाही. म्हणून नवा बसवायचा विचार अगदी शेवटी करायचा.

पहिली गोष्ट, शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. हत्यार घरी खोलू नका, ओळखीच्या सुताराकडेही देऊ नका. दुसरी गोष्ट, ठासणीची बंदूक भरलेली आहे असंच धरून चाला. तोंडातून गज सोडायचा, तोंडापाशी खडूने खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. टोक पार मागे, कानापर्यंत, म्हणजे बार पेटवायच्या भोकापर्यंत पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार, म्हणजे ठासलेली दारू-गोळी आहे. आजोबांच्या वेळेपासून माळ्यावर पडलेल्या एका बंदुकीत मला तो असा सापडला होता. तेव्हा हात लावायचा नाही, मालकांना हाक मारायची.

आता लाकूड. दस्ता आला की गिऱ्हाईक म्हणतं, घासून नव्यासारखा करा. पॉलिश पेपर लावायचा नाही, म्हणजे नाही! टाचेजवळ उजव्या अंगाला कारखान्याचा गोल शिक्का असतो, कधी बाणाची खूण आणि तिच्याखाली इंग्रजी आय, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा माल. ते सगळं लाकडात केसभर खोल असतं. गेल्या साली एक दस्ता आला, आधी कुणीतरी मशीनने घासून वर चकचकीत टचवूड मारलेलं. शिक्का पुसलेला, आणि लाकूड इतकं खाली गेलेलं की पितळी पट्टीची कड चारी बाजूंनी नखाला लागत होती. त्याला उपाय नाही. मला फार वाईट वाटलं.

मळ टर्पेंटाइनच्या फडक्याने काढायचा. घोड्याच्या मागे गळ्यापाशी, म्हणजे मूठ धरतो त्या बारीक भागाशी, लाकूड काळं, मऊ पडलेलं असतं, कारण वर्षानुवर्षं यंत्रातलं तेल तिथे मुरतं. खडूची बारीक पूड थिनरमध्ये कालवून त्यावर लेप द्यायचा आणि मोकळ्या हवेत, चुलीपासून लांब वाळवायचा. वाळताना पूड पिवळी पडते, तेल वर येतं. झटकायचं, पुन्हा लेप. चार-पाच वेळा तरी. पूड पांढरीच राहिली की थांबायचं. खळग्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवायची, दबलेलं लाकूड वाफेने फुगून वर येतं. शिक्क्याजवळ मात्र इस्त्री न्यायची नाही, तोही वर येऊन पुसट होतो.

भेग बहुतेक गळ्यालाच असते. तेल पूर्ण निघाल्याशिवाय कुठलाच डिंक धरत नाही. पांढरा सरस इथे नको, पावसाळ्यात सुटतो. दोन भागांचं इपॉक्सी भेगेत उतरवायचं, सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून दोन दिवस विसरून जायचं. तुकडा उडाला असेल तर ठिगळ अक्रोडाचंच हवं, रेषा मूळ लाकडाच्या रेषेत जुळवून. फणस पिवळा दिसतो, सागवान तेलकट. मोडक्या काश्मिरी टेबलाचा एक पाय मी गेली कित्येक वर्षं जपून ठेवला आहे, त्यातूनच कापतो.

शेवटी जवसाचं तेल, उकळलेलं. कच्चं आमच्या हवेत सुकतच नाही. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल कुणी सुचवलं तर ऐकू नका. लाकूड काळं पडतं आणि हातांना फोड येतात. तेल तळहाताने चोळायचं, हात गरम लागेपर्यंत. पाव तासाने उरलेलं सगळं पुसून काढायचं. रोज एक हात, असे आठवडाभर. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप पेटतात. पाण्याच्या बादलीत टाका.

हे काम दिवाळीनंतर सुरू करायचं आणि शिमग्यापर्यंत उरकायचं. मिरगानंतर आलेला दस्ता मी ठेवून घेतो, तेल लावत नाही. ठिगळ उन्हाळ्यात अगदी घट्ट ठोकायचं नाही, जुलैत लाकूड फुगतं आणि शेजारीच नवी भेग पडते.

दसऱ्याला बंदुकीची पूजा घरोघरी होते, व्हायलाच हवी. फक्त ओलं कुंकू अक्रोडावर लावू नका, रंग आत उतरतो. पितळी पट्टीवर बोट टेकवा आणि संध्याकाळी तेवढं सुक्या फडक्याने पुसून घ्या.