पोस्टर कलरचा सपाट थर कसा द्यावा

पोस्टर कलर वाळला तरी पाण्याची ओळख विसरत नाही. रंगाची पूड धरून ठेवणारा डिंक किंवा तसाच एखादा चिकट पदार्थ सुकल्यावरही पाण्यात पुन्हा विरघळतो. अ‍ॅक्रेलिकचं तसं नाही, तो एकदा वाळला की वाळला. पोस्टर कलरच्या निम्म्या खोड्या इथूनच निघतात.

दुसरा गुण म्हणजे तो झाकतो. जलरंगात कागदाचा पांढरा भाग राखून ठेवावा लागतो. इथे गडद रंगावर फिकट रंग खुशाल चढतो. वाळल्यावर चमक राहत नाही, म्हणून मोठी अक्षरं आणि सपाट आकार यांना हा रंग शोभतो.

आता कामाला लागू. कागद जाड घ्या, 200 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) किंवा त्याहून अधिक. पातळ कागद ओल्याने फुगतो. चारही कडा मास्किंग टेपने पाटाला चिकटवा.

बाटली उघडल्यावर वर पाणी साचलेलं दिसेल. ते ओतून टाकायचा मोह होतो, पण त्यात डिंक असतो. ते गेलं, तर वाळलेला रंग बोटाला खडूसारखा लागतो. काडीने तळापासून ढवळा.

मग पाणी, थेंबाथेंबाने. ब्रश उचलल्यावर रंग टपटप गळू नये, सावकाश ओघळावा. साधारण पातळ सायीइतका. पाणी जास्त झालं तर पट्टे उमटतात, कमी पडलं तर जाड थराला तडे जातात आणि कागद वाकवला की पोपडे निघतात. मिश्रण करणार असाल तर सगळ्या कामाला पुरेल एवढं एकदमच करा. ओल्या आणि वाळलेल्या रंगाची छटा वेगळी दिसते, त्यामुळे तीच छटा नंतर जुळवणं म्हणजे डोक्याला ताप. तुकड्यावर लावून, वाळवून बघा.

रुंद, चपटा ब्रश घेऊन आधी आडवे हात मारा आणि ओलं आहे तोवर लगेच उभे. मग थांबा! अर्धवट सुकलेल्या जागी ब्रश परत नेला की खालचा रंग उखडतो आणि डाग पडतो. डाग दिसला तरी हात आवरा, पूर्ण वाळू द्या आणि दुसरा थर द्या.

अक्षरांसाठी रंग थोडा घट्ट ठेवा आणि एका फटक्यात ओढा. घासलंत तर खालचा रंग वर येतो. माझी लाल पाटीवरची पांढरी अक्षरं अशीच गुलाबी झाली होती. काही लाल आणि जांभळे रंग तर न घासताही वर झिरपतात. ते आधी तपासा.

कागद, पुठ्ठा, लाकूड, कच्ची माती यांवर हा रंग बसतो. काच-प्लॅस्टिकवर आकसून गोळा होतो. पावसात टिकण्याची अपेक्षा नको. घरातल्या कामावर स्प्रे वार्निशचे हलके दोन-तीन थर द्या. ब्रशने पाण्याचं वार्निश लावाल, तर चित्र पुसलं जाईल. वार्निशने रंग थोडे गडद होतात, हे धरून चाला.

बाटलीतला रंग दगड झाला असेल तर लगेच फेकू नका. थोडं पाणी घाला, झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी ढवळा. कुबट वास येत असेल तर मात्र सरळ टाकून द्या.