टियागो ईव्ही की कॉमेट? आधी खाली पार्किंगमध्ये जाऊन या

नात्यातल्या आणि सोसायटीतल्या मिळून पाच-सहा जणांनी मला हे विचारलंय, प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. बजेट दहा लाखांच्या आसपास, छोटी ईव्ही म्हणजे विजेवरची गाडी हवी, टाटाची टियागो घेऊ की एमजीची कॉमेट? माझ्याकडे टियागो आहे, वहिनीकडे कॉमेट, दोन्ही पुण्यातच आणि दोन्ही मी भरपूर चालवल्यात.

शोरूमला नंतर जा. आधी खाली पार्किंगमध्ये जा आणि तुमच्या जागेपर्यंत १५ अँपिअरचा सॉकेट येऊ शकतो का ते बघा, तोही तुमच्याच मीटरवरून. दोन्ही गाड्यांचा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा, म्हणजे जवळजवळ १४ अँपिअर करंट सलग सात-नऊ तास ओढला जाणार. गीझर पंधरा मिनिटं चालतो, हे रात्रभर चालतं. त्यामुळे जुनी वायर, ढिला सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड असलं काही चालणार नाही, इलेक्ट्रिशियनकडून जाड वायर, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि मुख्य म्हणजे अर्थिंग नीट करून घ्या. अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो आणि मग लोक गाडीला शिव्या घालतात. सोसायटीचं पत्रही आधीच मागा, सेक्रेटरी "मीटिंगमध्ये ठेवू" म्हणाले की दोन महिने गेलेच समजा. आणि भाड्याने राहत असाल, पार्किंग ठरलेलं नसेल, तर सरळ सांगतो, दोन्ही नका घेऊ, सीएनजी बघा.

सॉकेटचं जमलं असेल तर आता गाडीचं बोलू. इथे बहुतेक लोक गडबडतात कारण ते कॉमेटला छोटी टियागो समजतात, आणि ती तशी नाहीये. कॉमेट म्हणजे छप्पर आणि एसी असलेली स्कूटर आहे असं धरून चाला, मग ती एकदम भारी वाटते. लांबी तीन मीटरच्या आत (२९७४ मिमी), दारं दोनच, सीट चार, चाकं १२ इंची, वळायला जागा इतकी कमी लागते की सदाशिव पेठेतल्या बोळात तुम्ही रिव्हर्स न मारता फिरवून बाहेर. लक्ष्मी रोडला सम-विषम तारखेच्या पार्किंगच्या भानगडीत जिथे कुणाचीच गाडी बसत नाही तिथे वहिनी लावून मोकळी होते. पण मागच्या सीट दुमडलेल्या नसतील तर डिकी जवळपास नाहीच, आठवड्याची भाजी पायाशी. टियागो ३.७७ मीटर, चार दारं, २४० लिटरची डिकी, म्हणजे नेहमीची गाडीच, फक्त पेट्रोल नाही.

आता रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते ते. बॅटरीचा किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या लाईट बिलातलं युनिटच. कॉमेट १७.३ युनिट, टियागो १९.२ किंवा २४. लाँचच्या वेळी कंपन्यांनी सांगितलं होतं कॉमेट २३०, टियागो २५० आणि ३१५ किमी. ते टेस्टिंगमधले आकडे, ते विसरा. शहरात एसी लावून माझी टियागो युनिटला आठच्या आसपास देते, कॉमेट हलकी म्हणून दहाच्या जवळ. गुणाकार करा: २४ वाली साधारण १९०, कॉमेट १७०, आणि १९.२ वाली टियागो १५०! म्हणजे छोट्या बॅटरीची टियागो जास्त पैसे देऊन कॉमेटपेक्षा कमी जाते. म्हणून टियागो घ्यायची तर २४ चीच, बजेट ताणावं लागलं तरी. आणि बॅटरी कोणी रोज शून्यावर आणत नाही, त्या आकड्यातून अजून २०-३० किमी वजाच धरा.

खरा फरक पडतो हायवेला. टियागोला डीसी फास्ट चार्जिंग (हायवेवरच्या मोठ्या मशीनवर झटपट चार्ज होणं) आहे, १० ते ८० टक्के तासाभरात. कॉमेटला ते नाहीच, कुठल्याच मॉडेलला नाही, वरच्या मॉडेलला ७.४ किलोवॅटचा एसी (म्हणजे घरच्यासारख्या विजेवरचा) चार्जर मिळतो तरी फुल व्हायला साडेतीन तास. पुणे-कोल्हापूर २३० किमी. टियागोने जाताना खंबाटकी घाट चढून, नव्वदच्या स्पीडने, रेंज १५०-१६० वर येते, म्हणून सातारा-कराडच्या पट्ट्यात एक थांबा, मिसळ खा, चहा घ्या, निघा. कॉमेटने तोच प्रवास म्हणजे मध्ये कुणाच्या तरी घरी मुक्काम. पण टियागोवाल्यांनी पण एका चार्जरच्या भरवशावर निघू नये, मी एकदा गेलो तर मशीन बंद आणि शेजारच्या मशीनसमोर कुणीतरी डिझेल गाडी लावून जेवायला गेलेला. पुढचा चार्जर ४० किमीवर, एसी बंद करून घामाने भिजत गेलो, बायको अजून ऐकवते. तेव्हापासून ३० टक्क्यांच्या खाली गाडी जाऊ देत नाही.

घाटाला घाबरू नका मात्र. चार माणसांसकट दीड टन वजन खोपोलीहून लोणावळ्याला नेलं की फक्त उंचीसाठी अडीच-तीन युनिट जातात, आणि उतरताना रीजनमध्ये (वेग कमी होताना मोटरच बॅटरी चार्ज करते ते) त्यातलं बरंच परत येतं. टियागोत रीजन लेव्हल तीनवर ठेवा, ब्रेकला पाय लावावा लागत नाही फारसा. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे, पण नेहमी त्या बाजूला जाणाऱ्यालाच त्याचा उपयोग.

पैशाचं म्हणाल तर कॉमेटची बॅटरी भाड्याने घ्यायची स्कीम २०२४ मध्ये आली, तेव्हा गाडी ४.९९ लाख आणि वर किमीला अडीच रुपये असं होतं. ऐकायला मस्त. पण महिन्याला हजार किमी धरले तर २५०० रुपये, आठ वर्षांत २ लाख ४० हजार, म्हणजे बॅटरीचे पैसे तुम्ही देताच, हप्त्याने. वर्षाला सहा-सात हजारच किमी असतील तर फायद्याची, रोज ६० किमी असेल तर नको. सही करण्याआधी महिन्याला किमान किती किमीचे पैसे भरावेच लागतील आणि गाडी विकताना बॅटरीचं काय, हे दोन्ही लेखी घ्या, सेल्समन तोंडी काहीही सांगतो. बॅटरी वॉरंटी दोन्हीला आठ वर्षं, टियागोला १ लाख ६० हजार किमीपर्यंत, कॉमेटला १ लाख २० हजार. घरच्या चार्जिंगचा खर्च किमीला सव्वा रुपयाच्या आतबाहेर, पेट्रोलची गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देत असेल तर सातच्या आसपास. फक्त महावितरणचा वरचा स्लॅब लागला की युनिट महाग होतं, म्हणून मागची सहा बिलं काढून बघा, जास्तच वापर असेल तर ईव्हीसाठी वेगळं मीटर मागा.

माझं मत विचाराल तर घरात आधीच एक मोठी गाडी आहे, दुसरी ऑफिस, शाळा, भाजीसाठी हवीय, तर कॉमेट, डोळे झाकून. घरात ही एकच गाडी असणार असेल तर टियागो २४. वहिनीकडे दादाची डिझेल उभी आहे म्हणून तिला कॉमेट चालते, मला नसती चालली.

आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आईला घेऊन जा आणि कॉमेटच्या मागच्या सीटवर बसायला सांगा, पुढची सीट सरकवून, वाकून, पाय उचलून. आमच्या आई बसल्या, छान वाटलं म्हणाल्या, मग उतरताना मला हात द्यायला लागला आणि घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. त्यानंतर खड्ड्यांचा रस्ता घ्या, शोरूमसमोरचा गुळगुळीत नको, १२ इंची चाक काय सांगतं ते तिथेच कळतं.