गणपतीची यादी दरवर्षी नव्याने लिहिताय? या चुका टाळा

आमचे गौरी-गणपती गावाला, कोकणात, आणि इतकी वर्षं सगळी तयारी सासूबाईंच्या डोक्यात असायची. त्यांच्याकडे एक वही होती, पण ती त्यांच्यापुरती. ज्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी ती वही माझ्या आणि जाऊबाईंच्या हातात आली आणि तेव्हा कळलं की यादी असणं वेगळं आणि दुसऱ्याला वापरता येईल अशी यादी असणं वेगळं. तेव्हापासून आम्ही एकच यादी दरवर्षी वापरतो, दुरुस्त करत करत. त्यात ज्या चुका झाल्या त्या सांगते.

पहिली चूक म्हणजे नुसतं वस्तूचं नाव लिहिणं. वहीत लिहिलं होतं "समई". जाऊबाईंनी समई माळ्यावरून काढली, बॅगेत भरली, टिक केली. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मनात मात्र त्या एका शब्दात समई घासणं, तिळाचं तेल, वाती, काडेपेटी सगळं होतं आणि आम्ही गावाला पोचलो तेव्हा वाती नव्हत्या, रात्री कापूस घेऊन वळत बसलो. आता आमच्या यादीत "समई घासायची", "वाती घ्यायच्या, ५ पाकिटं" असं लिहिलेलं असतं आणि पुढे कोण करणार त्याचं नाव. नाव नसलं की ते काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटतं, हे आमच्या घरात तरी दर वर्षी झालेलं आहे.

आता तारखांचं, आणि इथे जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. यादीत "२५ ऑगस्टला फुलवाल्याला फोन" असं लिहिलं तर ती यादी पुढच्या वर्षी बाद. चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला आणि २०२६ ला अधिक महिना आल्यामुळे परत पुढे, १४ सप्टेंबरला. तिथी दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते आणि मग अधिक मास तिला परत पुढे ढकलतो. म्हणून "चतुर्थीच्या ८ दिवस आधी", "हरतालिकेच्या सकाळी" असंच लिहायचं. पण तेवढ्यानेही भागत नाही, कारण गौरी तिथीवर नाही तर नक्षत्रावर येतात, अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे २०२३ ला गौरी तिसऱ्या दिवशी आल्या, २०२४ ला चौथ्या आणि २०२५ ला पाचव्या दिवशी! ज्यांचा गणपती गौरींबरोबर जातो त्यांच्याकडे तोच सण एका वर्षी ५ दिवसांचा, एका वर्षी ६ आणि एका वर्षी ७ दिवसांचा होतो, आणि त्यावर ऑफिसची रजा, परतीचं तिकीट, दूध, फुलं, भाजी सगळं अवलंबून. आमच्या यादीची पहिली ओळच आता "पंचांग बघून दिवस मोजा" अशी आहे, त्याच्याआधी बाकी काही बघायचंच नाही.

याच्याच जवळची चूक म्हणजे यादी जुनी झालीय हे लक्षातच न येणं. आमच्याकडे "रेल्वे तिकीट १२० दिवस आधी" लिहिलेलं होतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. ओळ बदलायला हवी होती ती कोणी बदलली नाही आणि बुकिंग उघडायच्या उगाच दोन महिने आधीपासून ॲप उघडून बसलो. कोकणात जाणाऱ्यांना माहितीये की सकाळी ८ ला बुकिंग उघडल्यावर काय होतं, त्यामुळे तो दिवस नीट मोजून, प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी, कॅलेंडरवर लिहायचा.

यादी लांब झाली की पण कोणी वाचत नाही. गुरुजींनी दिलेली यादी पूजेच्या क्रमाने असते, हळदकुंकू, अक्षता, जानवं, वस्त्रं, अत्तर, पत्री, आणि पूजेला बसल्यावर तोच क्रम बरोबर आहे. पण बाजारात त्या क्रमाने कोणी फिरत नाही. आम्ही वस्तू कुठे मिळते त्याप्रमाणे भाग पाडले: वाण्याकडचं, पूजेच्या दुकानातलं, माळ्यावरचं, गावाला गेल्यावर मिळणारं. दूर्वा, जास्वंद, विड्याची पानं शेवटच्या भागात, कारण ती मुंबईहून नेली की सुकतात आणि गावाला घरामागच्या परड्यातच असतात. आणि दरवर्षी न लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे घरात नवी सून आली असेल तर ओवशाची, म्हणजे नव्या सुनेने गौरीला वाण द्यायची, सुपं वगैरे, त्या वेगळ्या खाली.

सगळ्यात महत्त्वाचं आता. यादी दुरुस्त करायची वेळ विसर्जनानंतरची, पुढच्या वर्षीच्या आषाढातली नाही. विसर्जन करून घरी आलो, मखर सुनं दिसतं, कोणाला काही करावंसं वाटत नाही हे खरंय, पण तेव्हाच सगळं ताजं असतं. नारळ १५ आणले, ४ उरले, लगेच लिहा. मोदकांची पिठी कमी पडली का, एका वाटीत आमच्याकडे १० ते ११ मोदक होतात, मग २१ नैवेद्याचे आणि जेवायला माणसं किती, ते पण लिहा. माणसांचा आकडा नसेल तर "पिठी २ किलो" याला पुढच्या वर्षी काही अर्थ राहत नाही. सामान परत भरताना डब्यांवर नंबर टाका आणि यादीत "डबा ३: लाईटच्या माळा, एक्स्टेंशन, सुतळी" असं लिहा, माळ्यावर चढणाऱ्याचे कष्ट वाचतात.

मोबाईलवर यादी ठेवत असाल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करून वर्षभर राहील असं समजू नका, पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहतो. गूगल कीप या नोट्सच्या ॲपमध्ये सगळ्या टिका एकदम काढायची सोय आहे, ते बरं पडतं. फक्त टिका काढायच्या आधी यंदाची एक कॉपी करून तिला वर्षाचं नाव द्या, नाहीतर गेल्या वर्षी काय आणलं ते पुसून जातं.

महिन्याच्या किराण्यालाही हेच चालतं, यादी कायम तीच, फक्त घरात किती शिल्लक आहे ते डबे उघडून शेजारी लिहायचं.

आणि गावाला रेंजचा भरवसा नसतो, म्हणून निघायच्या आदल्या रात्री मोठ्या अक्षरात प्रिंट काढतो. ती देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो, पेन दोरीने बांधून. मोठं अक्षर आईंसाठी. आता त्या खुर्चीत बसून एकेक ओळ मोठ्याने वाचतात, आम्ही "झालं" म्हटलं की टिक करतात, आणि काही राहिलं असेल तर त्यांच्या हातानेच खाली नवीन ओळ लिहितात.