एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल येत असेल, तर काय करावे

मोटरसायकलच्या एअर फिल्टरचा डबा उघडल्यावर तळाशी काळे ऑइल साचलेले दिसले, की नागपुरात साधारणपणे दोन सल्ले मिळतात. ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी, डब्यातून काढून खाली मोकळा सोडावा, हा एक. इंजिन उघडून बोर-पिस्टनचे (बोर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची पोकळी) काम करून घ्यावे, हा दुसरा. पहिला सल्ला चुकीचा आहे आणि दुसरा बहुतेक वेळा घाईचा असतो. एका सिलिंडरच्या आणि हवेने थंड होणाऱ्या ३५० सीसीच्या गाड्यांवर, म्हणजे आपल्याकडच्या रॉयल एनफिल्डच्या बुलेट आणि क्लासिकवर, मी हे काम वारंवार केले आहे. माझ्या अनुभवात या तक्रारीमागचे नेहमीचे कारण इंजिनात गरजेपेक्षा जास्त ऑइल असणे हेच निघते.

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालच्या क्रँककेसमधील, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद आवरणातील, हवा दाबली जाते. अशा इंजिनात एक पिस्टन खाली येताना दुसरा वर जात नसल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ ३५० घनसेंटिमीटर हवेला आतल्या आत दाबले जावे लागते, आणि पिस्टनवरच्या रिंगांच्या फटींतून उतरणारा थोडा जळालेला वायू तिच्यात भर घालतो. हा दाब ब्रीदरमधून बाहेर पडतो आणि जाताना ऑइलचे सूक्ष्म थेंब सोबत नेतो. ते वायू उघड्यावर न जाता पुन्हा इंजिनात जळावेत म्हणून पाइपचे तोंड एअर फिल्टरच्या डब्यात दिलेले असते. त्यामुळे डब्यात ऑइलचा पातळ थर किंवा काही थेंब दिसणे हा बिघाड नाही. फिल्टर भिजू लागला, किंवा डब्याखालची बूच लावलेली नळी रिकामी केल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा भरली, तर मात्र लक्ष घालावे.

आधी स्वच्छता करावी. डबा पुसून घ्यावा, खालची नळी रिकामी करावी आणि कागदी फिल्टर ऑइलने भिजला असेल तर नवा घ्यावा; तो पेट्रोलमध्ये धुऊन पुन्हा बसवू नये, कारण भिजलेला कागद नीट हवा देत नाही आणि आपल्या रस्त्यांवरची बांधकामाची धूळ त्याला चिकटून बसते. फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा.

आता खऱ्या कामाकडे, म्हणजे ऑइलची पातळी तपासण्याकडे वळू. हे काम दिसायला सर्वांत सोपे आहे, पण ते नीट समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. इंजिनाच्या उजव्या बाजूला खाली काचेची गोल खिडकी असते आणि तिच्यात दोन खुणांच्या दरम्यान ऑइल दिसले पाहिजे, एवढे सर्वांना ठाऊक असते. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते, हे मात्र लक्षात घेतले जात नाही. गाडी कलली की आतले ऑइलही डावीकडे सरकते आणि उजवीकडच्या खिडकीत पातळी खाली गेलेली, कधी कधी तर पूर्ण नाहीशी झालेली दिसते. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर सिलिंडरच्या वरच्या हेडमध्ये आणि इतर वरच्या भागांत गेलेले ऑइल खाली उतरलेले नसते, त्यामुळेही खिडकी रिकामी वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने फसवतात. खिडकी रिकामी पाहून माणूस आणखी ऑइल ओततो, ते जास्तीचे ऑइल फिरत्या भागांना लागून घुसळले जाते, आणि त्याचे तुषार ब्रीदरच्या वाटेने डब्यात येऊन पडतात.

म्हणून पातळी नेहमी एकाच पद्धतीने तपासावी. गाडी सपाट फरशीवर मेन स्टँडला लावावी. मेन स्टँड नसेल तर दुसऱ्या माणसाला ती सरळ धरायला सांगावे आणि आपण खाली बसून डोळे खिडकीच्या उंचीला आणावेत. इंजिन चालू करून काही मिनिटे ऐडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता, ठेवावे, बंद करावे आणि ५ ते १० मिनिटे थांबावे. थांबण्याची नेमकी वेळ तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तर तीच पाळावी. थंड इंजिनाची पातळी आज पाहायची आणि गरम इंजिनाची उद्या, असे करून दोन्हींची तुलना करणे निरर्थक आहे. जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटची गोष्ट वेगळी आहे. त्या गाडीत ऑइलची टाकी इंजिनाच्याच आवरणात असते आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की त्या टाकीतले ऑइल क्रँककेसमध्ये झिरपते. अशा वेळी टाकी रिकामी भासते आणि कोणी वरून ऑइल ओतले, तर पुढच्या फेरीत ते ब्रीदरमधून बाहेर येते. या गाडीत इंजिन चालवून ऑइल टाकीत परतल्यानंतरच पातळी पाहावी.

ऑइल बदलतानाही हीच गफलत वेगळ्या वाटेने होते. पूर्ण कोरड्या इंजिनाची क्षमता हा एक आकडा आणि ऑइल बदलताना प्रत्यक्ष लागणारे ऑइल हा दुसरा, लहान आकडा असतो, कारण ऑइल सोडण्याचा खालचा बोल्ट काढून कितीही वेळ ठेवला तरी थोडे जुने ऑइल आत उरतेच. अडीच लिटरचा डबा आणला म्हणून तो रिकामा केलाच पाहिजे, ही सवय मी कितीतरी गॅरेजांत पाहिली आहे आणि ती मला मान्य नाही. ठरलेल्या प्रमाणापेक्षा थोडे कमी भरावे, वर सांगितल्याप्रमाणे इंजिन चालवून पातळी पाहावी आणि मग लागेल तेवढेच वाढवावे. वरच्या खुणेपर्यंत भरण्याचा हट्ट सोडावा. पातळी दोन खुणांच्या मधोमध असलेली गाडी मी निश्चिंतपणे वर्धा रोडला किंवा जबलपूरच्या दिशेने दूर नेतो.

जास्त झालेले ऑइल काढण्यासाठी खालचा बोल्ट सैल करण्यापेक्षा औषधाच्या दुकानातली ५० मिलिलिटरची सिरिंज आणि तिला बसणारी पातळ नळी वापरावी. गाडी बंद ठेवून भरण्याच्या तोंडातून नळी आत घालावी आणि आत अडथळा लागला तर जोर करू नये. एका वेळी एकच सिरिंज भरून काढावी आणि मग पुन्हा पातळी पाहावी. हे ऑइल डब्यात साठवून वापरलेले ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे. गटारात ओतले, तर ते अखेर नाग नदीत जाते.

काढलेले ऑइल नाकाजवळ धरून पेट्रोलचा वास येतो का, हे जरूर पाहावे. ऑइल न टाकताच पातळी वाढत असेल आणि वास येत असेल, तर कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यातली पेट्रोल अडवणारी फ्लोट सुई नीट बंद होत नाही असे समजावे. अशी गाडी चालवू नये. सुई दुरुस्त करून सगळे ऑइल बदलावे.

पातळी मधोमध आणल्यावर दोनशे ते तीनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि डबा पुन्हा उघडावा. बहुतेक गाड्यांचे काम इथेच संपते.

ऑइल येणे थांबले नाही तर ब्रीदर पाइप काढून पाहावा. तो चेपलेला, वळलेला किंवा आतून चिकट गाळाने भरलेला नसावा. जुन्या बुलेटमध्ये ब्रीदरच्या तोंडाशी बदकाच्या चोचीच्या आकाराची रबरी झडप असते. ती कडक झाली असेल तर बदलावी. पाइपमध्ये दुधाळ कॉफीच्या रंगाचा फेस सापडला, तर हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ‘हेड गॅस्केट जाऊन पाणी शिरले’ असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये, कारण या इंजिनात थंड करणारे पाणीच नसते. हा पेट्रोल जळताना तयार झालेल्या वाफेचा ओलावा आहे. पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या थंडीत गाडी फक्त शहरातल्या शहरात, महाल भागातून सीताबर्डीपर्यंत आणि परत एवढीच चालली, तर इंजिन पूर्ण तापत नाही आणि तो ओलावा आतच राहतो. इंजिन पूर्ण तापून तो निघून जावा म्हणून एकदा लांब, रामटेकपर्यंत जाऊन यावे.

पाइपचे तोंड बूच लावून बंद करणे हा उपाय नव्हे, ते इंजिनाचे नुकसान आहे. आतला दाब मग ऑइल सीलमधून आणि गॅस्केटमधून वाट काढतो. पाइप खाली मोकळा सोडला, तर ऑइल मागच्या टायरवर उडू शकते, आणि ऑइल लागलेला टायर वळणावर घसरतो. हा धोका कोणीही पत्करू नये. ‘उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० श्रेणीचे घट्ट ऑइल टाका, ऑइल यायचे थांबेल’ या सल्ल्यातही तथ्य नाही. शेवटचा ५० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या घट्टपणाचा आहे, त्यामुळे तापलेल्या इंजिनात १५डब्ल्यू-५० आणि २०डब्ल्यू-५० एकाच श्रेणीचे असतात, मग बाहेर ४५ अंश असो वा २५.

एवढे करूनही डबा भरतच राहिला, तर रिंगांचा संशय घ्यावा. ऐडलवर ऑइलचे झाकण उघडून धक्के जाणवतात म्हणून बोर गेला, असा निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. एका सिलिंडरच्या इंजिनात ते धक्के निरोगी गाडीलाही जाणवतात. कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, मग प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा ठळकपणे वाढला तर रिंगा किंवा बोर झिजला आहे आणि इंजिन उघडण्याला आधार आहे. पहिला आकडा कमी असून तो वाढला नाही तर दोष व्हॉल्वकडे शोधावा. धूर निळसर आणि प्लग ऑइलने ओला असेल तर तो ऑइल जळत असल्याचा वेगळा पुरावा धरावा.

रिंगा ठीक असून लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासात थोडे ऑइल येतच असेल, तर ब्रीदर पाइप आणि डबा यांच्यामध्ये ऑइल अडवणारी बाटली लावावी. तिचा दुसरा पाइप एअर फिल्टरच्या डब्यातच परत जावा. बाटली सायलेन्सरपासून दूर बसवावी, पाइपला मध्ये खाली झोळ पडू देऊ नये, आणि साचलेले ऑइल पुन्हा इंजिनात ओतू नये. त्यात पाणी आणि पेट्रोल मिसळलेले असते. ही बाटली प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर, रिकामी करावी.