थर्मामीटरवरचा सर्वांत खालचा आकडा खरा नसतो

पदार्थ विरघळताना किती उष्णता घेतो किंवा देतो, हे मोजायला महागडं काही लागत नाही. एकात एक बसवलेले दोन थर्माकोलचे कप, भोक पाडलेलं पुठ्ठ्याचं झाकण, 0.1 अंशापर्यंत वाचता येणारा थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ. द्राव्य म्हणून नवसागर (अमोनियम क्लोराइड) घ्या. कॉस्टिक सोडा घ्या असं सर्रास सांगतात, ते ऐकू नका. तो एका मोलमागे (मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या मोजायचं माप) सुमारे 44 किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतो, आणि ते तापलेलं पाणी डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो.

कपात 100 ग्रॅम पाणी तोला आणि ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या. 10.7 ग्रॅम नवसागर, म्हणजे 0.2 मोल, बारीक कुटून ठेवा.

आता खरी गोम. मी कित्येकदा नवसागर टाकून, ढवळून, पारा जिथवर उतरला तो आकडा लिहून घ्यायचो. उत्तर दर वेळी कमी यायचं आणि मी वजनकाट्याला दोष द्यायचो. काटा बरोबर होता. नवसागर विरघळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात खोलीतली उष्णता गार पाण्यात शिरत राहते. त्यामुळे पारा जिथे पोहोचायला हवा तिथे कधी पोहोचतच नाही.

म्हणून असं करा. नवसागर टाकण्याआधी चार मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. पाचव्या मिनिटाला सगळा नवसागर एकदम ओता. चिमूट चिमूट टाकलात तर पुढचं सगळं वाया. ढवळत राहा आणि आणखी आठ मिनिटं नोंदी घ्या. मग आलेख काढा. पारा परत वर चढू लागल्यानंतरचे बिंदू जोडून ती रेघ पट्टीने मागे, पाचव्या मिनिटापर्यंत न्या. आधीची रेघ पुढे तिथवरच आणा. त्या क्षणी दोन रेघांमध्ये जेवढं अंतर, तेवढाच खरा फरक. हा आलेख टाळून ‘अंदाजे एक अंश वाढवा’ म्हणणाऱ्यांनी प्रयोग करूच नये.

फरक समजा 6.5 अंश आला. 110.7 × 4.18 × 6.5, म्हणजे सुमारे 3 किलोज्यूल, 0.2 ने भागलं की मोलमागे 15. वस्तुमान पाण्याचं नव्हे, पूर्ण द्रावणाचं धरायचं. 4.18, म्हणजे एक ग्रॅम एका अंशाने तापवायला लागणारे ज्यूल, हा आकडा मात्र शुद्ध पाण्याचा आहे, द्रावणाचा थोडा कमी असतो. एवढी तडजोड चालते.

पाणी गार का झालं? स्फटिकातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे करायला आणि पाण्याच्या रेणूंमध्ये त्यांना जागा करायला ऊर्जा लागते. पाणी आयनांना बिलगतं तेव्हा ती परत मिळते, पण नवसागराच्या बाबतीत पुरती नाही. तूट पाण्यातूनच भरली जाते. तरीही तो विरघळतो, कारण बंदिस्त आयन मोकळे होऊन पाण्यात पसरतात आणि तो विस्कळीतपणा पारडं झुकवतो. ढवळण्याने फक्त वेग वाढतो, जास्त नवसागर मावत नाही.

मीठ घेऊ नका. मोलमागे जेमतेम 4 किलोज्यूल, या कपात फरक फारच थोडा दिसतो. उलट दिशेचा प्रयोग हवा असेल तर निर्जल, म्हणजे स्फटिकात पाणी नसलेलं, कॅल्शियम क्लोराइड घ्या, पाणी चांगलंच तापतं. बाटली मात्र नवी फोडलेली हवी. हवेतली ओल शोषून त्याचे सहा रेणू पाणी धरलेले स्फटिक झाले असतील, तर तोच पदार्थ पाणी गार करतो.