लॅपटॉपवर वायफाय अडखळतंय? आधी दोष कुठे आहे ते शोधा

त्याच वायफायवर मोबाईलचा डेटा बंद करून एखादी साइट उघडा. मोबाईलही अडला तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा (LOS, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा दिसला, तर तक्रार थेट कंपनीकडे नोंदवा.

मोबाईल चालतोय? मग लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक बघा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. सेव्ह केलेलं नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका. तरी नाही जमलं तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करा.

ठाण्याचा घोडबंदर रोड किंवा नवी मुंबईतल्या खारघरच्या रहिवासी टॉवरमध्ये खरा त्रास असतो गर्दीचा. शेजारपाजारचे राउटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांना अडवतात. तिथे १, ६ आणि ११ हेच चॅनेल (पट्ट्यातले उपभाग) एकमेकांत मिसळत नाहीत. त्यातला मोकळा निवडा, ‘ऑटो’वर विसंबू नका. राउटरच्याच खोलीत बसत असाल तर ५ गिगाहर्ट्झ उत्तम, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे तो लवकर ढेपाळतो.

लॅपटॉप ‘स्लीप’मधून जागा झाल्यावरच वायफाय गायब होत असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्याची खूण काढून टाका.