शोस्ताकोविचची पाचवी सिम्फनी: कोणतं रेकॉर्डिंग चांगलं, हे कसं ओळखायचं

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटला की यात्रेत स्टेज बांधून हिंदी गाणी म्हणतात तो. त्यामुळे मी रात्री वावरात हेडफोन लावून रशियाची सिम्फनी ऐकतो म्हटलं की लोक आधी हसतात अन् मग विचारतात, त्यात गाणं कोण म्हणते? कोणीच नाही म्हणत बाप्पा, ऐंशी-शंभर जण वाजवतात अन् एक जण, म्हणजे कंडक्टर, समोर उभा राहून हातवारे करते.

पण तो हातवारेवालाच सगळा फरक करतो. कागदावरचे सूर तेच, अन् दोन रेकॉर्डिंग लावली तर एकात लग्न वाटते अन् दुसऱ्यात मौत. म्हणून दहा वेगवेगळ्या सिम्फन्या चाळत बसू नका, एकच धरा अन् तिचीच तीन-चार रेकॉर्डिंग ऐका. मी शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराची पाचवी सांगतो. पाऊण तासाची आहे, चार भाग आहेत, अन् तिची भानगड समजायला सोपी आहे.

भानगड अशी, की जानेवारी १९३६ मध्ये 'प्रावदा' या कम्युनिस्ट पक्षाच्या पेपरनं त्याच्या ऑपेराला, म्हणजे गाऊन केलेल्या नाटकाला, पार धुतलं. स्टालिनचा काळ, पेपरात असं छापून येणं म्हणजे नुसती टीका नाही, जिवावरची गोष्ट. त्यानं चौथी सिम्फनी तालमी चालू असताना मागं घेतली (ती वाजली थेट १९६१ मध्ये), अन् मग ही पाचवी लिहिली. २१ नोव्हेंबर १९३७ ला लेनिनग्राडमध्ये पहिल्यांदा वाजली, कंडक्टर म्राविन्स्की. लोक म्हणे रडले, टाळ्या थांबेनात. सरकारही खूश. आता शेवटचा जल्लोष खरा की डोक्यावर काठी धरून करवलेला, यावर अजून भांडणं चालू आहेत, अन् तुम्हाला रेकॉर्डिंग तपासताना नेमकं तेच ऐकायचं आहे.

आधी तयारी. फोनमधलं बेस वाढवणारं सेटिंग बंद, आवाज सारखा करणारं सेटिंग पण बंद, कारण ते हळू जागा वर ओढते अन् मोठ्या जागा दाबते, म्हणजे मग तपासायला राहिलं काय? फोनच्या स्पीकरवर तर ऐकूच नका, चेलो अन् बास ही खालच्या सुराची तारवाद्यं त्यात गायब असतात. साधा वायरचा हेडफोन चालते. व्हॉल्यूम लावताना शेवटच्या भागाची सुरुवात लावून बघा, तिथं पितळी वाद्यं अन् टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, एकदम अंगावर येतात. तिथं कान दुखणार नाहीत एवढा ठेवा अन् मग पूर्ण पाऊण तास त्याला हात लावू नका. सगळे उलटं करतात, सुरुवात हळू वाटली की वाढवतात अन् मग फायनलला हेडफोन फेकून देतात. जागा म्हणाल तर ओलिताची लाइन रात्रीची असली की दांडात पाणी सोडून विहिरीपासून लांब, पल्याडच्या धुऱ्यावर बसायचं, मोटरीची घरघर तिथं येत नाही.

आता कुठं कान द्यायचा. पहिल्या भागाचा शेवट. तिथं सेलेस्टा येते, छोट्या पियानोसारखं वाद्य पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या. एकेक सूर चढत जाते, जवळपास काहीच आवाज नाही, अन् संपते. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तो सूर दुरून पण स्वच्छ येते अन् त्याच्याभोवती हॉलची हवा ऐकू येते. वाईटात एक तर सेलेस्टा तुमच्या मांडीवर आणून ठेवलेली असते, नाही तर टेपच्या खरखरीत बुडते.

तिसरा भाग, लार्गो, ही खरी परीक्षा. यात पितळी वाद्यं बिलकुल नाहीत, अन् व्हायोलिनवाल्यांचे नेहमीचे दोन नाही तर तीन गट केले आहेत. आपला तीन पेडी दोर असते ना, तसं ऐका: पेड वेगळे कळले पाहिजेत अन् दोर एकच राहिला पाहिजे. नुसता गोड गोळा ऐकू येत असेल तर मी ते रेकॉर्डिंग तिथंच बंद करतो, मग कव्हरवर किती का मोठं नाव असेना.

दुसऱ्या भागाचं फार मनावर घेऊ नका, तो मस्करी करते, कोणीही बरा वाजवते. सोलो व्हायोलिन जरा उर्मट वाटलं म्हणजे झालं.

मग फायनलचा शेवट. तिथं तारवाद्यं एकच सूर ठोकत राहतात, ठोकत राहतात, अन् खाली पितळी वाद्यं विजयाची धून वाजवतात. वेगाची गंमत अशी की छापील प्रतींत दोन आकडे सापडतात, एकात मिनिटाला १८४ अर्ध्या मात्रा अन् दुसऱ्यात मिनिटाला १८८ अख्ख्या मात्रा, म्हणजे जवळपास दुप्पट फरक! बर्नस्टाइन या कंडक्टरनं १९५९ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत केलेलं रेकॉर्डिंग इथं पळत सुटते, ऐकून उठून नाचावंसं वाटते. दुसरा कंडक्टर रोस्त्रोपोविच हळू घेते, अन् तेव्हा तोच सूर डोक्यात खिळा ठोकल्यासारखा लागते. मला हळूच पटते. पण वेगवान वाईट असं नाही, तपासायचं एवढंच की शेवटी आलेला वेग आधीच्या तीन भागांना शोभते का. लार्गो जीव तोडून वाजवला अन् फायनल वरातीसारखं, तर कंडक्टरनं विचार केला नाही.

एक राहिलं. म्राविन्स्कीची जुनी लेनिनग्राडची रेकॉर्डिंग लावाल तर ट्रम्पेट कर्कश लागन, हॉर्नचा सूर थरथरल्यासारखा येईन, मधेच कोणी खोकलन. मार्क कापू नका. सोव्हिएत ऑर्केस्ट्रात पितळी वाद्यं तशीच वाजायची. आजकालच्या गुळगुळीत रेकॉर्डिंगमध्ये ते धारदारपण मला सापडत नाही.

अन् हरभरा घाट्यावर आला असेल तर जागलीच्या रात्री लार्गो लावू नका. मी लावला होता. सेलेस्टा अन् हार्प शेवटाला आले, मी डोळे मिटून बसलो, अन् डुकरांनी दोन तास आधी धड असलेला धुऱ्याकडचा पट्टा नांगरल्यासारखा करून ठेवला. आता त्या दिवसांत एकाच कानाला हेडफोन, अन् तोही फक्त फायनलपुरता.